गवसणीतला तंबोरा

आकाशाला गवसणी घालायची असते हे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलेलो असतो, पण गवसणी म्हणजे काय असं विचारलं की बहुतेक जण थबकतात. गवसणी म्हणजे वाद्याच्या अंगाबरोबर शिवलेली खोळ. कोकणातल्या जुन्या घरांत ती अजून सापडते. माजघरातल्या खुंटीला नाहीतर माळ्यावर, मांजरपाटाची, चुलीच्या धुरानं काळवंडलेली, तोंडाशी नाडी आवळलेली. गणपतीला किंवा मे महिन्यात सगळी भावंडं जमतात, घराच्या वाटणीचा विषय निघतो, माळा आवरायला घेतात आणि ती खाली उतरते. नाडी सोडल्यावर दोन प्रश्न येतात. हे नक्की काय आहे, आणि याचे किती येतील? त्यांची उत्तरं मिळायच्या आत कुणीतरी ओला फडका घेऊन येतं आणि निम्मी उत्तरं पुसून टाकतं.

जुन्या वाद्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान या पहिल्या तासात होतं. अंगावरची घाण हा पुरावा असतो. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ठोकळ्याच्या, पायाखाली पॉलिशवर उमटलेले गडद ठसे, तारा घासून पडलेल्या रेघा, दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाची बोटं, दांडीवर हात टेकून टेकून उडालेला रंग, या सगळ्यांवरून वाद्य किती वाजलं, कुठल्या हातानं वाजलं, घोडी मूळ जागेवर आहे की सरकली, हे कळतं. ओल्या फडक्यानं ते जातं. खोबरेल तेलानं तर कायमचं जातं, कारण तेल लाकडात मुरतं आणि पुढे त्यावर लाखेचं पॉलिश धरत नाही. कोकणात कुठल्याही लाकडाला खोबरेल चोळायचा मोह फार. तो आवरावा. एक इंची मऊ ब्रश आणि कोरडं सुती कापड, एवढ्यावर थांबायचं.

गवसणी ओटीवर उजेडात, खाली पांढरी चादर पसरून काढावी. आतून जे पडेल ते सगळं डब्यात ठेवावं: तारेत ओवलेले मणी, खुंटीचा तुकडा, नक्षीतलं गळलेलं पान, दोऱ्याची गुंडी, वाळलेल्या फुलाच्या पाकळ्यासुद्धा. गवसणीला खिसा असेल तर तो उलटा करून बघावा. जुनी पावती मिळाली तर तिथेच मिळते. मग फोटो काढावेत: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, खुंट्या जवळून, घोडी जवळून, भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा, तळाशी तारा अडकवतात तो लंगोट, आणि प्रत्येक भेग शेजारी फूटपट्टी धरून. गंजलेल्या तारा तोडून फेकायच्या नाहीत. घोडीच्या पायांभोवती आधी पेन्सिलीनं फिकट खूण करावी, मग एकेक तार सैल करून काढावी, गुंडाळून तिला चिठ्ठी बांधावी, पहिली, दुसरी, तिसरी, खर्ज. गावातल्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असतो. त्यानं तारेची जाडी मोजली तर हा तंबोरा कुठल्या पट्टीत, म्हणजे किती उंच सुरात, लागत होता याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि नवीन तारा मागवताना चूक होत नाही. पातळ तारेच्या जागी जाड तार चढवली की ताण वाढतो आणि आधीच थकलेली तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, खाली बसते.

आता ओळख. पडदे, म्हणजे दांडीवर बांधलेल्या आडव्या पट्ट्या, नाहीत, तारा चार, पोकळ लांब दांडी आणि खाली मोठा भोपळा, म्हणजे तंबोरा. पाच-सहा तारांचेही असतात. पडदे असले तर सतार. पडदेही आहेत आणि गजानं वाजवायचं, तर दिलरुबा. तोंडावर लाकडाऐवजी कातडं ताणलेलं, सगळं अंग एकाच ओंडक्यातून कोरलेलं आणि बाजूला खुंट्यांची रांगच रांग, तर सारंगी. गळ्यात अडकवायची पट्टी लावलेलं, उभ्यानं पेलवेल असं लहान वाद्य असेल तर ती सप्ताहातली वीणा. घरात ती ‘छोटा तंबोरा’ म्हणून ओळखली जात असते, पण तिचा बाजार वेगळा, आणि मान तर त्याहून वेगळा. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेली लांबट पेटी निघाली, तर ते बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानचं, १९१२च्या सुमाराला नागोयात निघालेलं तायशोगोतो. मुंबईच्या चाकरमान्यांनी ते गावाकडे आणलं आणि आपल्या बेंजो पार्टीत ते अजून गाजतंय. त्याला किंमत फारशी येत नाही. विकण्यापेक्षा गणपतीच्या आरतीला वाजवावं.

एक फसगत नेहमी होते. पडदे गळून गेलेली सतार तंबोरा समजून विकली जाते. दांडीची समोरची बाजू बोटानं चाचपावी. सतारीची दांडी समोरून खोलगट असते, कारण पडद्यांखालून तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तारा जायच्या असतात. तंबोऱ्याची पट्टी सपाट किंवा किंचित फुगीर. सतारीच्या दांडीच्या कडेला तरफांच्या बारीक खुंट्यांची भोकं ओळीनं दिसतात, आणि मागे पडदे बांधलेल्या दोऱ्याचे आडवे वळ.

तंबोराच आहे हे ठरलं की अटीपासून घोडीपर्यंत टेप धरावा. अटी म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती आडवी पट्टी. हे अंतर साधारण ३८ ते ४२ इंच भरलं तर तंबोरा मर्दानी, पेटीच्या काळी एक, काळी दोन या पट्ट्यांच्या आसपास लागणारा. ३३ ते ३६ इंच असेल तर जनानी, काळी तीन ते काळी पाचचा. मधल्या मापाचेही सापडतात. हा फरक किमतीसाठी महत्त्वाचा आहे, कारण गिऱ्हाईक आपल्या पट्टीचाच तंबोरा घेतं. आवाज कितीही गोड असला तरी काळी चारला गाणारी बाई काळी एकचा तंबोरा घेऊन काय करणार? मग भोपळा आडवा मोजावा. मर्दानी तंबोऱ्यात तो पंधरा-सोळा इंच, जनानीत तेरा-चौदा इंच असा सर्वसाधारण हिशोब.

खालचा भाग खराच भोपळ्याचा आहे का, हेही पाहावं लागतं. दक्षिणेत तंजावरकडे तंबोऱ्याचा घडा फणसाच्या लाकडातून कोरतात. कोकणात फणसाचं लाकूड ओळखायला कुणाला शिकवायला नको. पिवळसर रंग आणि वय वाढेल तसा तो तपकिरी होत जाणं घराच्या खांबांवरही दिसतं. तो तंबोरा उचलतानाच जड लागतो. मिरजेचा तंबोरा मात्र कडू भोपळ्याचा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठी पिकतात, आणि वेलावरच पूर्ण जून होऊ दिलेला भोपळाच कामाला येतो. वर तबली आणि दांडी तुणीच्या लालसर, हलक्या लाकडाची. कोकणातल्या घरांत निघणारे बहुतेक तंबोरे मिरजेचेच असतात, आणि त्यात नवल नाही. घाट चढून गेलं की तंतुवाद्यांचं जवळचं मोठं ठिकाण मिरजच.

मिरजेची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण विकणारा तीच पुढे करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू हत्यारांना धार लावायचं काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले. तलवारींचा जमाना संपत होता, पटवर्धनांच्या दरबारात गाणं रुजलेलं होतं, आणि धातू-लाकडाची जाण हातात होतीच. त्या घराण्याचा विस्तार होत गेला, सतारमेकर हे आडनावच झालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच शिकले. गाणारे आणि घडवणारे एकाच गावात असल्यामुळे जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, तक्रार त्याच संध्याकाळी कारागिराच्या कानावर जाई. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आज मिळालेलं मानांकन तुमच्या माळ्यावरच्या वाद्याचा जन्मदाखला होत नाही. त्यासाठी कागद लागतो.

कागदावरून वय काढायचा हा भाग सर्वांत रंजक, आणि नेमका तोच कुणी करत नाही. व्हायोलिनच्या पोटात डोकवायला फटी असतात, तंबोऱ्याला सहसा नसतात. म्हणून कारागिराचं नाव असेल तर ते बाहेर, खुंट्यांच्या आसपास लावलेल्या पत्र्याच्या किंवा सेल्युलॉइडच्या पट्टीवर मिळतं. या पट्टीवरचा, पावतीवरचा किंवा पार्सलच्या चिठ्ठीवरचा पत्ता नीट वाचला की वर्षं आपोआप आवळत येतात. ‘मिरज संस्थान’ असं लिहिलं असेल तर वाद्य १९४८च्या आधीचं, कारण त्या वर्षी संस्थान विलीन झालं. ‘जि. दक्षिण सातारा’ लिहिलं असेल तर फारच छान: हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं, म्हणजे वाद्य त्या अकरा वर्षांतलं. सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२च्या ऑगस्टनंतरचं. पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले; जुन्या हाताचे व्यापारी पुढेही काही दिवस आण्यात लिहीत राहिले, तेवढी सूट ठेवावी. आणि घेणाऱ्याचा पत्ता बघायला विसरू नये. ‘मु. पो. मालवण, जि. रत्नागिरी’ असं असेल तर कागद १ मे १९८१च्या आधीचा, सिंधुदुर्ग जिल्हा व्हायच्या पूर्वीचा. मजकूर मोडीत असेल तर तो वाचून घ्यावा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि एका पावतीला अर्धा तासही लागत नाही.

मात्र पट्टीवरून वय ठरवताना एक गोष्ट तपासावी: पट्टी आणि वाद्य एकाच वयाचे आहेत का? पट्टीच्या खिळ्यांभोवतीचं पॉलिश अखंड असेल, धूर पट्टीवर आणि लाकडावर सारखाच बसला असेल, तर ठीक. खिळे चकचकीत आणि खालचं लाकूड फिकट असेल तर पट्टी मागाहून आलेली. दुरुस्तीला गेलेल्या तंबोऱ्यावर दुरुस्त करणाऱ्याचं नाव लागल्याचीही उदाहरणं असतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, पण वर्ष चुकतं.

पॉलिश खरं बोलतं. जुनं काम चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. लंगोटाखाली, जिथे दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक ठिपका लावावा. लाख असेल तर लगेच चिकट होते. मेलामाइन किंवा तसलं आधुनिक पॉलिश ढिम्म राहतं, म्हणजे वाद्य अलीकडचं किंवा अलीकडे पुन्हा पॉलिश केलेलं. सावंतवाडीच्या रंगकामाबद्दल मला नितांत आदर आहे, चितार आळीतल्या फळांची टोपली घरात हवीच. पण तंबोऱ्याच्या तबलीवर तसला चकचकीत जाड रंग चढवून घेऊ नका. तबली जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर रंगाचा थर म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर उशी.

नक्षीतलं पांढरं काय आहे, हे ओळखायला भिंग लागतं. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड एकसारखं असतं, रेघा असल्या तरी अगदी समांतर, आणि अंगठ्यानं जोरात घासून हुंगलं तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका: सेल्युलॉइड भडकन पेटतं. घोडी बहुतेक वेळा उंटाच्या हाडाची, सांबरशिंगाची किंवा काळ्या लाकडाची. शिंग असेल तर कडेनं बघताना आतला भाग सच्छिद्र दिसतो.

इथे कायदा आडवा येतो, आणि तो सौदा ठरायच्या आधी माहीत असलेला बरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये बंद झाला आणि आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ मध्ये. आजोबांच्या काळातला तुकडा असला तरी तो विकता येत नाही, आणि घरात ठेवायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. सांबरशिंगाच्या खरेदी-विक्रीलाही हाच कायदा लागतो. शंका असेल तर वनविभागाला विचारावं. दुसरा कायदाही १९७२चाच, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पुतण्यासाठी तंबोरा पाठवायचा असेल आणि त्याचं वय नव्वद-शंभरच्या घरात असेल, तर वस्तू पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी घ्यावा. अशा वेळी ‘दक्षिण सातारा’ लिहिलेली ती पावती सोन्याच्या मोलाची ठरते.

ओळख झाली. आता प्रकृती. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकलेली, आणि वर खारा वारा. लाकूड रेषांच्या लांबीत फारसं वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. तबली कडेनं भोपळ्याला सरसानं चिकटवलेली असते, आणि भोपळा तिच्याइतका फुगत नाही. पावसात तबली वर येऊ बघते, नोव्हेंबरनंतर सुकून आखडते, आणि अशा वर्षानुवर्षांच्या ओढाताणीत एकतर सांधा सुटतो किंवा तबलीला उभी भेग पडते. सांधा सुटणं हे शहाणपणाचं लक्षण समजावं. सरस हा मुद्दाम कच्चा दुवा असतो. तो सुटतो म्हणून लाकूड वाचतं, आणि कारागीर तो पुन्हा लावू शकतो. खरं वाटोळं होतं ते घरच्या घरी पांढरा गोंद किंवा इपॉक्सी भरल्यानं. पुढच्या दुरुस्तीला तबली उघडायची वेळ आली की सांधा सुटत नाही, लाकूड फाटतं. असं ‘दुरुस्त’ केलेलं वाद्य न दुरुस्त केलेल्यापेक्षा स्वस्त जातं.

तबली बसली आहे का ते एक फुटाच्या सरळ पट्टीनं कळतं. घोडीच्या अगदी जवळ ती आडवी ठेवावी. तबली मूळची फुगीर असते, त्यामुळे पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांशी फट दिसली पाहिजे. पट्टी सपाट टेकली तर तबली थकलेली. पट्टीच्या मध्याखालून उजेड दिसला तर ती बसलेली. ही मोठी दुरुस्ती, तबली उघडून आतून आधार द्यावा लागतो किंवा ती बदलावीच लागते, आणि तबली बदललेला तंबोरा म्हणजे जुन्या घराला नवं छप्पर. राहायला उत्तम, पण जुनं म्हणून भाव मागता येत नाही.

भोपळ्यावर बोटाच्या सांध्यानं सगळीकडे हलकेच टकटक करावं. धड भोपळा मडक्यासारखा वाजतो, चिरलेला भाग फुटक्या मडक्यासारखा. भेग जुनी असून आतून पट्टी लावून सांधलेली असेल तर घाबरण्याचं कारण नाही. नवीन, बोट लावल्यावर कडा खालीवर होणारी भेग वाईट. दांडीचा बाक पाहायला अटीपासून घोडीपर्यंत शिवणाचा दोरा ताणावा आणि दांडीच्या मधोमध तो किती वर राहतो ते बघावं. गळ्याशी भेग असेल तर कुणीतरी कधीतरी वाद्य दांडीला धरून उचललेलं असणार. तंबोरा उचलताना एक हात भोपळ्याखाली लागतोच.

मग भुंगा. लाकडात आणि भोपळ्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. वाद्याखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा. ताजा, पिठासारखा फिकट भुसा पडला तर भुंगा कामावर आहे, आणि त्या वाद्याला बाकीच्या लाकूडसामानापासून आधी वेगळं करावं. काहीच पडलं नाही आणि भोकं आतून काळसर असतील तर ती जुनी कहाणी. वाळवी लागलेली असेल तर दांडीवर टिचकी मारताच पोकळ, भुसभुशीत आवाज येतो. त्याला औषध नाही.

खुंट्या पावसात फुगून जाम होतात. पकडीनं फिरवल्या तर डोकं तुटतं. त्या नोव्हेंबरपर्यंत थांबू द्याव्यात, आपोआप सैल होतात. उन्हाळ्यात घसरू लागल्या तर पांढरा खडू घासावा, तेल कधीच नको. जवारीबद्दल मात्र उगाच काळजी केली जाते. घोडीवर तारेनं चर पडले, तंबोरा बोलेनासा झाला, तर जवारी उतरली एवढंच. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा ‘जीव’ सरकवून बघावा. जरासा झंकार आला तरी पुरे. जवारी काढणं हे कारागिराचं नित्याचं काम आहे. उतरलेली जवारी दाखवून कुणी निम्मा भाव मागत असेल तर तो जाणकार नव्हे, किंवा फारच जाणकार आहे.

आता किंमत. जुनं म्हणजे महाग, हा समज वाद्यांच्या बाबतीत घरोघरी चुकतो. तंबोऱ्याला वेगवेगळ्या किमती असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घरात भांडणं होतात. गाणाऱ्यासाठीची किंमत काढायला सोपी. त्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा नवा तंबोरा कितीला, हे मिरजेतल्या दोन कारागिरांना वेगवेगळं विचारायचं. समजा ते चाळीस हजार म्हणाले (आकडा फक्त हिशोबापुरता). आपल्या तंबोऱ्याला तारा, खुंट्या, जवारी, सांधा आणि पॉलिश मिळून बारा हजारांचा खर्च सांगितला. तर वाजवणाऱ्याच्या दृष्टीनं आज, आहे त्या अवस्थेत, तो अठ्ठावीसच्या आसपास. तबली मूळची आणि धड असेल तर त्यात वाढ मागायला हरकत नाही, कारण मुरलेला भोपळा आणि मुरलेलं लाकूड आज पैसे देऊनही लवकर मिळत नाही. तबली बसलेली असेल तर हा हिशोब खर्चापाशीच संपतो.

संग्राहकासाठीची किंमत कागदांवर ठरते. ‘केसरबाई या तंबोऱ्यावर गायल्या होत्या’, ‘मास्टर दीनानाथ आमच्या ओटीवर बसले होते’ अशी वाक्यं कोकण-गोव्याच्या किती घरांत ऐकू येतात, त्याला गणती नाही. काही खरीही असतील. पण त्या वाक्याला बाजारात शून्य भाव आहे, आणि तो शून्यच असावा असं माझं मत आहे. मैफलीचा फोटो असेल, त्यात तंबोऱ्याची तबली समोरून दिसत असेल, आणि नक्षीतल्या पाकळ्या, पानांचा कल, खुंटीच्या डोक्याची घडण आपल्या वाद्याशी जुळत असेल, तर मग बोलावं. नक्षी हातानं बसवलेली असल्यामुळे दोन तंबोरे तंतोतंत सारखे नसतात. म्हणूनच हा पुरावा भक्कम.

अपवाद जोडीचा. गायकाच्या मागे दोन तंबोरे लागतात म्हणून कारागीर मापाला आणि आवाजाला जुळणारे दोन भोपळे शोधून जोडी घडवतो. घरात दोन तंबोरे असतील तर अटी-घोडीचं अंतर पाव इंचाच्या आत जुळतं का, नक्षीचा हात एकच आहे का, खुंट्यांची डोकी सारखी आहेत का, हे पाहावं. खरी जोडी दोन सुट्या तंबोऱ्यांपेक्षा जास्त मोलाची. आणि वाटणीत नेमकी तिच्यावरच कुऱ्हाड पडते: एक ठाण्याला, एक रत्नागिरीला. जमिनीचे तुकडे पडतात तेव्हा निदान आंब्याची झाडं तरी मोजली जातात.

गोव्याच्या सीमेलगत, वेंगुर्ला-सावंतवाडीकडे आणि खुद्द गोव्यात, गवसणीऐवजी लाकडी पेटी निघते आणि तिच्यात व्हायोलिन. चर्चच्या शाळांमधून तिथे पिढ्यानपिढ्या सूर आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, त्यामुळे हे स्वाभाविक. आतल्या चिठ्ठीवर ‘आंतोनिउस स्त्रादिवारिउस’ वाचलं की घरात एकदम शांतता पसरते. स्त्रादिवारी इटलीतल्या क्रेमोनाचा, १७३७ मध्ये वारला, त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत आणि त्यांची वंशावळ जगाला ठाऊक आहे. त्या नावाची चिठ्ठी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन आणि शेजारच्या बोहेमियातल्या शोनबाखच्या कारखान्यांनी लाखो व्हायोलिनांत चिकटवली. ‘या नमुन्याबरहुकूम’ एवढाच तिचा अर्थ. चिठ्ठीवर कुठेही ‘मेड इन जर्मनी’ असेल तर ते १८८७ नंतरचं, कारण ब्रिटनच्या कायद्यानं मालावर देशाचं नाव छापणं तेव्हा भाग पाडलं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचं.

तरीही ते टाकाऊ नसतं. पाठ उजेडात तिरपी करावी: लाकडातले पट्टे हलल्यासारखे दिसले तर मेपल खरं, जागच्या जागी राहिले तर रंगवलेले. कडेची काळी रेघ झिजलेल्या जागी पुसली गेली असेल तर रंगाची. खोबणीत पट्टी बसवलेली असेल तर काम बरं. पाठीची लांबी चौदा इंच असावी. आत काही खुळखुळत असेल तर बहुधा पोटातली उभी काडी, साउंडपोस्ट, तारा सैल पडल्यामुळे कोसळलेली. ती पुन्हा उभी करता येते. त्या काडीच्याच जागी पाठीला भेग असेल तर मात्र किंमत निम्म्याहून खाली येते. गज फेकू नये. बंद पेटीत त्याचे घोड्याचे केस कसर खाते, पण काठीवर शिक्का असेल तर कधीकधी गजाची किंमत व्हायोलिनपेक्षा जास्त भरते.

हे सगळं झाल्यावरही शेवटी वाद्य जाणकाराच्या हातात द्यावंच लागतं, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत ते मिरजेला. जायची वेळ दसऱ्यानंतरची, हवा कोरडी होऊ लागल्यावर. पावसाळ्यात पाहिलेली तबली खोटी असते. फुगलेली भेग मिटून जाते आणि कारागिरालाही फसवते. तोवर वाद्य ओलसर भिंतीपासून दूर, चुलीपासून लांब, उभं ठेवावं. जवळ वेखंडाचे तुकडे ठेवावेत. कपाटात बल्ब लावून ठेवायची आपल्याकडची जुनी युक्ती कपड्यांना चालते, भोपळ्याला नाही: एका बाजूनं तापून तो तिथेच तडकतो.

निघताना तारा दोन-तीन सुरांनी उतरवाव्यात, पार सैल करू नयेत, नाहीतर घोडी आपली जागा सोडते. भोपळ्याभोवती गोधडी, दांडीखाली उशी, आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवा, भोपळा माणसाच्या मांडीपाशी. टपावर कधीच नाही, डिकीतही नाही. रत्नागिरीहून आंबा घाट, देवगड-कणकवलीकडून फोंडा, सावंतवाडीहून आंबोली, चिपळूणहून कुंभार्ली. कुठल्याही घाटानं गेलं तरी वर पोचताच हवा बदलते आणि लाकडाला ते आपल्याआधी कळतं. मिरजेला पोचल्यावर गवसणी लगेच सोडायची नाही. एक रात्र तिला खोलीत तशीच ठेवावी, सकाळी नाडी सोडावी, आणि कारागिरानं तार छेडण्याआधी पावती आणि तारांच्या चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवाव्यात.